फोटोत नारिंगी, टाकीत चहाचा चोथा

शर्टाच्या बटणाएवढे तीन झोआ, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत ठेवतात ते फुलासारखे उमलणारे जीव, प्रवाळांचे भाऊबंद. त्यांचे मी ४,५०० रुपये मोजले, तेही घासाघीस न करता. फोटोच तसा होता. कडेला निखाऱ्यासारखी नारिंगी झालर, आत जांभळं, मधोमध पोपटी तोंड. विकणारा घोडबंदर रोडचा. "ताई, एकच पीस आहे. दोघं मागे लागलेत, दुपारपर्यंत सांगा." मी पाच मिनिटांत पैसे पाठवून मोकळी.

ठाणे स्टेशनवर त्याच्या पोऱ्याने थर्माकोलचा डबा हातात दिला. वाशी लोकलने कोपरखैरण्यापर्यंत तो मांडीवर धरून आणला, पिशवी फुटली तर म्हणून खाली टॉवेल. दोन दिवसांनी झोआ उमलले आणि रंग काय, तर गाळून टाकलेल्या चहाच्या चोथ्याचा. नवरा म्हणाला, "फोटोतले परत पाठवले वाटतं, हे त्यांचे चुलतभाऊ."

विचारलं तर उत्तर तयार. "ताई, तुमची लाइट वीक आहे." माणूस हुशार, कारण यातलं अर्धं खरं आहे. झोआच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते मुळात तपकिरीच. चमकतात ती वेगळी प्रथिनं. निळा उजेड शोषून घ्यायचा आणि हिरवा किंवा नारिंगी बाहेर टाकायचा, हे त्यांचं काम. (जेलीफिशमधल्या अशाच हिरव्या प्रथिनावर २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालंय.) समुद्राचं पाणी तांबडा उजेड आधी गिळतं, खाली उरतो निळा; म्हणून टाकीवर ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे निळे एलईडी लावतात. माझ्या पांढऱ्या लाइटखाली ती चमक भर दुपारी लावलेल्या पणतीसारखी दिसेनाशी होते. निळ्या लाइटखाली फोटो काढला म्हणून कुणाला चोर म्हणू नये, हे मी आजही म्हणेन.

तर मग ३,८०० ची निळी लाइट घेतली. त्याच्याकडूनच. हसा खुशाल.

तोंडं खरंच हिरवी पेटली, पण नारिंगी झालर काही येईना. "सेटल व्हायला वेळ द्या." प्रवासाच्या धक्क्याने रंग उतरतो आणि परतायला आठवडे लागतात, हेही खरंच, म्हणून दीड महिना थांबले. मग एका रात्री तो फोटो पुन्हा उघडला आणि झोआ सोडून आजूबाजूचं बघितलं. खालची पांढरी प्लास्टिकची जाळी निळी, ते ठीक. पण कोपऱ्यात त्याच्या बोटाचं टोक आलं होतं आणि नख होतं भडक गुलाबी. मी माझा हात निळ्या लाइटखाली धरला. मेल्यासारखा राखाडी-निळा दिसला.

मग माझ्याच झोआचा फोटो काढला, मुद्दाम बोट मध्ये ठेवून. फोनवर सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, शेवटपर्यंत ओढलं, वॉर्म्थ थोडी वाढवली. चोथ्याच्या कडेला नारिंगी झालर आली, आत जांभळं आलं आणि माझं नखही गुलाबी झालं.

"पांढऱ्या लाइटमधला व्हिडिओ असेल तर पाठवा," एवढंच त्याला लिहिलं. दोन निळ्या टिका आल्या, मग त्याचा डीपी गायब.

साडी घेताना मी दुकानदाराला न विचारता पायरीवर जाऊन उजेडात बघून येते. इथे ते सुचलं नाही. आता घेण्याआधी व्हिडिओ मागते, त्यात निळी लाइट बंद करून पांढरी लावायची आणि बोट शेजारी धरायचं. टाळाटाळ झाली की विषय संपला. या माणसाकडे दगडी सांगाड्याची प्रवाळंही विकायला होती, खरं तर तेव्हाच उठायला हवं होतं. ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहेत. झोआला तसा सांगाडा नसतो, म्हणून मी तेवढेच ठेवते.

तिघांचे आता अकरा झालेत. मागच्या आठवड्यात ऐरोलीच्या एकाने त्यातले दोन मागितले. मी पांढऱ्या लाइटखालचा फोटो पाठवला, बोटासकट. त्याचं उत्तर आलं, "काही खास नाही हो. ठाण्यात एक जण आहे, त्याच्याकडे बघतो."