घरी येणारी उपशामक सेवा : सात आठवड्यांच्या अनुभवानंतर

आईच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगावर आता करण्यासारखे काही उरलेले नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर आमच्यापुढे दोन वाटा होत्या. मुंबईत वांद्र्याचे शांती अवेदना सदन १९८६ पासून आणि आमच्या पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांना दाखल करून घेते, हे आम्हाला ठाऊक होते. परंतु आईला स्वतःच्या खोलीतून हलायचे नव्हते. म्हणून आम्ही एका धर्मादाय संस्थेची घरी येणारी उपशामक सेवा, म्हणजे आजार बरा करण्याऐवजी दुखणे आणि त्रास कमी करणारी सेवा, घेतली. पुढे एक तक्रारही लिहिणार असल्यामुळे संस्थेचे नाव देत नाही.

डॉक्टर, सिस्टर आणि समाजसेविका असे तिघांचे पथक आठवड्यातून एकदा येत असे आणि शेवटच्या पंधरवड्यात सिस्टर दिवसाआड येऊ लागल्या. शुल्क काहीही नव्हते. मात्र ही सेवा घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे, की येथे रुग्णाचे सगळे करायला कोणी येत नाही. आपल्याला करायला शिकवणारी माणसे येतात. घरात निदान दोन धडधाकट माणसे असतील, हे या सेवेने गृहीत धरलेले आहे. आम्ही दोघे होतो, शनिवार-रविवारी बहीण येत असे, तरीही चौथ्या आठवड्यात पत्नीची कंबर धरली आणि रात्रीसाठी स्वतंत्रपणे मावशी ठेवाव्या लागल्या. त्यांचा खर्च, भाड्याच्या खाटेचा आणि हवेच्या गादीचा खर्च आपलाच असतो.

शिकवण्याच्या बाबतीत मात्र या लोकांना तोड नाही. पहिल्याच भेटीत सिस्टरांनी आईचे एक जुने सुती नऊवारी मागून घेतले, त्याची चौपदरी घडी केली आणि ती खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली सरकवली. मग दोन्ही बाजूंनी घडीच्या कडा मुठीत गुंडाळून, ‘दादा, हात आजींना लावायचा नाही, लुगड्याला लावायचा,’ असे म्हणत त्यांनी आईला अलगद कुशीवर घेतले. तोपर्यंत आम्ही काखेत हात घालून तिला ओढत होतो आणि ती कण्हत होती. दर दोन तासांनी कूस बदलणे, माकडहाड आणि टाचा रोज उजेडात पाहणे, मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने तोंड आतून पुसणे, हे सर्व त्यांनी आमच्याकडून करवून घेतले. शेवटपर्यंत आईला शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, झाले नाहीत, याचे श्रेय हवेच्या गादीपेक्षा त्या लुगड्याला अधिक आहे, असे माझे मत आहे.

दुखण्यासाठी मॉर्फिनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाच्या, गोळ्या होत्या. सकाळी ६, १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ६ वाजता एकेक, तर रात्री १० वाजता दोन, म्हणजे पहाटे दोनला उठवावे लागत नाही. दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे गोळी द्यायची आणि तिच्याबरोबर पोट साफ होण्याचे औषध कधीही चुकवायचे नाही, एवढे दोनच नियम डॉक्टरांनी कागदावर ठळक लिहून दिले. ‘अफूची सवय लागेल’ अशी भीती घालणाऱ्या मामांना त्यांनी शांतपणे उत्तर दिले आणि तिसऱ्या रात्री आई सलग पाच तास झोपली. सलाईन लावण्याचा आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांचीही त्यांनीच समजूत घातली. ‘खात नाही म्हणून आजी जात नाहीयेत, जायला निघाल्यात म्हणून खात नाहीत,’ हे वाक्य मी सांगितले असते तर भांडण झाले असते.

आता तक्रार. मॉर्फिन रुग्णांना सहज मिळावे म्हणून त्याविषयीचा कायदा २०१४ मध्ये सुधारला असला, तरी हे औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही आणि संस्था आठवड्यापुरत्याच, म्हणजे ४२ गोळ्या आणि मध्येच कळ आली तर म्हणून वरच्या सहा, मोजून देत असे. पाचव्या आठवड्यात बुधवारची भेट ऐनवेळी गुरुवारवर ढकलली गेली. वरच्या सहाही संपल्या होत्या. फोनवर ‘येऊन घेऊन जा’ असे उत्तर मिळाले आणि आईजवळ पत्नीला एकटीला सोडून मी भर पावसात शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. भेट पुढे ढकलताना घरात गोळ्या किती आहेत, हे विचारायला अर्धे मिनिट लागते. रात्रीचा फोन मात्र दोन्ही वेळा पहिल्या घंटेला उचलला गेला, हेही नोंदवले पाहिजे.

घरी मृत्यू झाल्यास कारणाचा दाखला डॉक्टरांकडून लागतो, त्यावाचून स्मशानात अडते, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. डॉक्टरांनी ते आदल्याच आठवड्यात सांगून ठेवले होते. आई पहाटे गेली आणि साडेसातच्या आत ते सही-शिक्क्याचा दाखला घेऊन दारात उभे होते.

तेराव्यानंतर समाजसेविका आणि सिस्टर पुन्हा आल्या. उरलेल्या १७ गोळ्या त्यांनी आमच्यासमोर मोजून नोंदवहीत लिहिल्या, माझी सही घेतली आणि मग पत्नीला तिच्या कंबरेविषयी विचारत अर्धा तास बसल्या.