प्रॉक्समॉक्स व्हीई, काही महिन्यांनंतर: प्रोसेसर राहू द्या, डिस्कचं बघा

प्रॉक्समॉक्स व्हीई म्हणजे एकाच मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली; ते मशीन म्हणजे होस्ट, आत चालणारी म्हणजे गेस्ट. नवख्याला होस्ट उभारायचा असला की पहिला प्रश्न असतो, प्रोसेसर पुरेल का? पुरतो. गेले काही महिने चार कोअरच्या जुन्या डेस्कटॉपवर, १६ जीबी रॅममध्ये, एक विंडोज, दोन लिनक्स आणि थोडे कंटेनर (व्हीएमपेक्षा हलके गेस्ट) चालवतोय. प्रोसेसर बहुतेक वेळ निवांत असतो. आधी रॅम संपते, आणि खरी डोकेदुखी डिस्कची असते.

बसवणं सोपं आहे. बायॉसमध्ये इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम (व्हीएम चालवण्याची प्रोसेसरमधली सोय) चालू करा, पेनड्राइव्हवरून बूट करा, स्थिर आयपी द्या. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो, त्यामुळे ड्युअल बूटचा विचार असेल तर तो इथेच सोडा. पुढचं सगळं दुसऱ्या मशीनच्या ब्राउझरमधून, ८००६ पोर्टवर. सबस्क्रिप्शन नसेल तर रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) बदलून घ्या, नाहीतर अपडेट अडतात. लॉगिनला येणारी सूचना बंद करून पुढे जायची सवय होते.

होस्टला केबलच लावा. वायफायवर ब्रिज (गेस्टना होस्टच्या नेटवर्कला जोडणारा दुवा) चालत नाही, कारण अॅक्सेस पॉइंट सहसा गेस्टचा वेगळा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डची ओळख) स्वीकारत नाही.

लिनक्स गेस्ट पटकन बसतात. विंडोजच्या सेटअपमध्ये मात्र डिस्कची यादी रिकामी दिसते आणि नवा माणूस तिथेच गडबडतो. व्हर्टआयओ, म्हणजे व्हर्च्युअल हार्डवेअरच्या, ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला जोडून ‘लोड ड्रायव्हर’मधून एससीएसआयचा ड्रायव्हर दिला, की डिस्क हजर. नेटवर्कचा ड्रायव्हरही तिथेच देऊन टाका. नाहीतर विंडोज ११ पुढे इंटरनेट मागत अडून बसतं.

आता डिस्क. नेहमीच्या मांडणीत गेस्ट एलव्हीएम-थिन नावाच्या सामाईक साठ्यावर (पूल) बसतात. म्हणजे खोल्या दहा आणि बुकिंग पंधरा: ५०० जीबीच्या एसएसडीवर गेस्टना मिळून ८०० जीबी वाटता येतात, कारण जागा लिहिली जाईल तशीच खर्च होते. पूल काठोकाठ भरला की त्यावरच्या सगळ्याच गेस्टचं लिखाण अडतं आणि फाइल सिस्टिम बिघडू शकते. त्यात गेस्टमधल्या फाइली पुसल्या तरी पूलमधली जागा आपोआप सुटत नाही. डिस्कच्या सेटिंगमध्ये ‘डिस्कार्ड’वर टिक करा, लिनक्स गेस्टमध्ये एफएसट्रिम (रिकामी जागा परत करणारी आज्ञा) चालवा, मग आकडा खाली येतो. जुने स्नॅपशॉटही (गेस्टच्या त्या क्षणाच्या नोंदी) हीच जागा खात बसतात. एलव्हीएम-थिनऐवजी झेडएफएस ही साठवण पद्धत घेतलीत तर कॅशसाठी रॅम बाजूला धरा. प्रॉक्समॉक्स ८.१ पासूनच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये या कॅशची मर्यादा एकूण रॅमच्या १० टक्के असते, आधी निम्म्यापर्यंत जायची.

स्नॅपशॉट ही इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट. अपडेटआधी एक घ्यायचा, बिघडलं तर क्लिकसरशी मागे. यामुळेच प्रयोग करायला धीर येतो. कामाच्याच लॅपटॉपवर अधूनमधून एखादी लिनक्स उघडायची असेल, तर मात्र एवढा खटाटोप नको, व्हर्च्युअलबॉक्ससारखं साधं ॲप पुरे.

स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि एकदा नव्या व्हीएम क्रमांकाने रिस्टोअर करून बघा. फक्त सुरू करण्याआधी त्याचं नेटवर्क कार्ड डिसकनेक्ट करा, नाहीतर एकाच आयपीवरून दोन गेस्ट भांडत बसतात.