'शाफ्ट कातून द्या, आम्हीच घेतो': २,०३,४०० रुपयांचा टेपर

पूल-क्यूचे शाफ्ट (बिलियर्ड्ससारख्या पूल खेळातल्या काठीचा पुढचा अर्धा भाग) कातायचं मशीन विकायचं, लाकूडही आपणच द्यायचं, तयार माल परत घेऊ म्हणायचं आणि मग नापास करायचा. अगरबत्ती-पापडाच्या बाय-बॅकवाल्यांचीच जात. त्यात फसणाऱ्यांना आम्ही हसायचो. सावंतवाडीच्या कातकाम करणाऱ्यांना कोण लाकडात फसवणार!

मशीन १,४५,०००. मॅपलचे १२० चौकोनी दांडे, ४५० प्रमाणे ५४,०००. 'ट्रेनिंग' ६,५००. एकूण २,०५,५००. पहिल्या ४० शाफ्टपैकी ३ पास, ७०० प्रमाणे २,१०० हातात. बाकी ३७ रिजेक्ट.

कळायला हवं होतं ते डेमोच्या वेळी. चौकोनी दांडा चढवला आणि वीस मिनिटांत तयार शाफ्ट पुढ्यात ठेवला. अहो, २९ इंच लांब आणि टोकाला १३ मि.मी.ची काठी एका बैठकीत उतरवली तर सरळ राहतच नाही! वरचं लाकूड निघालं की आतला ताण सुटतो आणि चार दिवसांत काठीचं धनुष्य होतं. आधी २५ मि.मी. गोल करायचा, मग टोकाला १६ ठेवून टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळता उतार, मग थोडं थोडं. दर पासनंतर, म्हणजे कातण्याच्या दर फेरीनंतर, तीन-चार आठवडे उभी टांगायची, भिंतीला टेकवायची नाही. शेवटचा पास पाव मि.मी.च्या आत. मधे आलेला बाक पुढच्या पासात निघतो तो जादा ठेवलेल्या मालामुळेच. आणि करारात होते आठवड्याला ५० नग, पहिल्याच आठवड्यापासून! तिथंच उठायला हवं होतं. आमची बाजू एवढीच, की भोवरे आणि लाटणी एका दमात कातणाऱ्याला वीस मिनिटं खटकत नाहीत.

दुसरी गोम टेपर-पट्टीत. राउटर, म्हणजे लाकूड कापणारं फिरतं पातं, जिच्यावरून सरकतो ती पट्टीच शाफ्टचा आकार ठरवते. पूलच्या शाफ्टला टोकापासून १०-१२ इंच जाडी जवळपास तेवढीच ठेवतात, मग ती जोडाकडे वाढत २१.५ होते. आमची पट्टी सरळसोट. सरळ शंकूचं गणित करा: फरक ८.५ मि.मी., त्याला २९ ने भागून १२ ने गुणा, साडेतीन. म्हणजे १२ इंचांवर १६.५. आणि रिजेक्टच्या चिठ्ठीवर काय? '१२ इंचांवर १४ च्या वर.' त्यांच्याच पट्टीनं! नापास होणं मशीनमध्येच बसवून दिलेलं. पास झालेले तीन? तेही साडेसोळाच. ते गळाला लावलेले. आधी पट्टी तपासा, पैसे नंतर.

लाकूड म्हणे भट्टीत सुकवलेलं, ८ टक्के ओल. फेब्रुवारीत आलेल्या, प्लॅस्टिक न उघडलेल्या गठ्ठ्यातला १०० ग्रॅमचा तुकडा ओव्हनमध्ये १०३ अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवला. उरले ८५. पंधरा भागिले पंच्याऐंशी, साडेसतरा टक्क्यांच्या वर. त्यांचं उत्तर तयारच: 'कोकणातली हवा.' जुलैत मानलं असतं. हे जोखायचं असतं गठ्ठा हातात पडल्याच्या दिवशी. आम्ही जोखलं दीड महिन्यानं.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, "माल गावलो मां? मग फसवणूक खंयची?" वर ३ नगांचे पैसे मिळाले म्हणजे व्यवहार खरा, हा दिवाणी वाद. भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चं नाव काढलं तर "वकील आसास काय?" सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर तक्रार क्रमांक मिळाला आणि पुन्हा त्याच ठाण्याकडे बोट. ग्राहक आयोगाच्या खिडकीवर 'व्यावसायिक खरेदी' म्हणून अर्ज परत. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे, हे खिडकीत बसलेल्याला आम्ही सांगायचं! तीन खेपा झाल्या. दर खेपेला नवा माणूस, नवा कागद. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का पडल्याशिवाय हलू नका. आमच्या पहिल्या दोन अर्जांचा आता तिथं कुणालाच पत्ता नाही.