बेसबॉल-रेफरन्स: बाँड्सच्या २००१च्या सीझनवर भांडायच्या आधी ही साइट उघडा

बेसबॉल-रेफरन्स ही अमेरिकन बेसबॉलच्या आकडेवारीची साइट मी बरीच वर्षं वापरतेय, रिव्ह्यू आत्ता लिहितेय त्याचं कारण बॅटर बॅरी बाँड्स. २००१ला त्याने एका सीझनमधल्या होमरनचा रेकॉर्ड केला, पण त्यामागे स्टिरॉइड्स (ताकद वाढवणारी औषधं) असल्याचा संशय आहे. त्या सीझनचा विषय निघाला की दोन मिनिटांत अर्धे लोक "चीटर" म्हणतात आणि अर्धे "असा बॅटर पुन्हा होणे नाही" म्हणतात, आणि आकडे कोणी बघतच नाही. मी दरवेळी ही साइट उघडून बसते. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, नाव टाकलं की खेळाडूचं पान समोर.

पान उघडलं की होमरनचा (बॉल थेट मैदानाबाहेर, क्रिकेटमधल्या सिक्ससारखं) कॉलम फक्त वरून खाली वाचत जा. १९८६ ते १९९२ पिट्सबर्ग, मग २००७पर्यंत सॅन फ्रान्सिस्को. १९९३ला ४६, २०००ला ४९, मग २००१ला एकदम ७३, आणि पुढची तीन वर्षं ४६, ४५, ४५. म्हणजे करिअरमध्ये ७६२ होमरन, कोणाहीपेक्षा जास्त, आणि त्या माणसाने पन्नासचा आकडा आयुष्यात एकदाच ओलांडला तो असा! शेजारी वयाच्या कॉलममध्ये ३६ लिहिलंय, ज्या वयात भल्याभल्यांची बॅट मंदावते. संशय का येतो ते ह्या एका ओळीतच कळतं.

पण त्याच ओळीत अजून एक गोष्ट आहे जी मला अजूनही झोपू देत नाही. हिट्स, म्हणजे फटका मारून बेसवर पोचला अशा वेळा, १५६. साइटवर सिंगल्सचा, म्हणजे पहिल्या बेसपर्यंतच नेणाऱ्या हिट्सचा, वेगळा कॉलम नाही (हा असायला हवा होता खरं तर), त्यामुळे वजाबाकी आपणच करायची, ३२ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत), २ ट्रिपल (तिसऱ्या बेसपर्यंत), ७३ होमरन बाजूला काढले की उरतात ४९. सिंगल्सपेक्षा होमरन जास्त, आणि तेही थोडेथोडके नाही तर चोवीसने जास्त! पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी कागदावर परत मांडून बघितलं होतं.

मग स्प्लिट्सच्या (मैदान, महिना अशी आकड्यांची फोड) टॅबवर जा, साइटचा खरा जीव तिथे आहे. "त्याला घरच्या मैदानाने मदत केली" असं कोणी म्हणालं की मी हेच दाखवते, घरी ३७ आणि बाहेर ३६, विषय संपला. महिन्यांप्रमाणे बघा, मे महिन्यात १७ आणि जुलैमध्ये फक्त ६, म्हणजे तोही माणूसच होता, थंड पडत होता, पण मग ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये परत बारा-बारा.

आता स्टिरॉइड्सचं. पानावर ७३च्या पुढे फुली नाही, तळटीप नाही, काही नाही. मला हे पटतं. २००१मध्ये मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) टेस्टिंगच नव्हतं, २००३ला नावं गुप्त ठेवून चाचण्या झाल्या आणि पकडलं गेल्यावर शिक्षा २००४पासून आली, मग एका माणसाच्या एका आकड्यावर फुली मारायची तर त्या काळातल्या किती पानांवर मारणार? बाल्को (खेळाडूंना स्टिरॉइड्स पुरवणारी लॅब) प्रकरणात २०११ला तो न्यायात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरला, तेही २०१५ला अपिलात रद्द झालं. साइट एवढंच दाखवते की हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या दिग्गजांचा सन्मान) मतदानात त्याला २०१३ला ३६.२ टक्के आणि दहाव्या, शेवटच्या वर्षी २०२२ला ६६ टक्के, लागतात ७५. पण एक तक्रार आहेच, नवीन माणसाला ह्या टक्क्यांवरून काहीच कळणार नाही की एवढा मोठा बॅटर बाहेर का राहिला. टेस्टिंग कधी सुरू झालं एवढी एक ओळ जरी टाकली तरी पुरे, ती निकाल दिल्यासारखी होणार नाही.

माझं स्वतःचं मत विचाराल तर भांडायचंच असेल तर २००४वर भांडा. तिथे वॉकचा (चार चुकीचे बॉल पडले की बॅटरला फुकट पहिला बेस) आकडा आहे २३२, त्यातले १२० इंटेन्शनल. क्रिकेटवाल्यांसाठी सांगते, इंटेन्शनल वॉक म्हणजे पिचर मुद्दाम चार बॉल लांब टाकायचा (२०१७च्या आधी तेच करावं लागायचं) आणि बॅटरला फुकट पहिल्या बेसवर पाठवायचा, कारण त्याला खेळू देण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. हे एका सीझनमध्ये १२० वेळा! बाँड्सच्या आधीचा रेकॉर्ड विली मॅकोव्हीचा ४५ होता. ऑन-बेस ०.६०९, म्हणजे दहातल्या सहा वेळा तो बेसवर. ७३ची चर्चा सगळे करतात पण समोरची अख्खी लीग किती घाबरली होती ते इथे दिसतं.

आणखी एक चांगली गोष्ट, ही साइट जुने आकडे पवित्र मानून गप्प बसत नाही. कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगची दारं बंद होती तेव्हाच्या नीग्रो लीग्सना इथे २०२१पासूनच मेजर लीग धरलंय, मेजर लीगने स्वतः ते आकडे रेकॉर्डमध्ये घेतले २०२४ला. त्यामुळे बाँड्सचं २००१चं ०.८६३ स्लगिंग (बॅटिंगच्या दर संधीमागे फटक्यांनी मिळवलेले सरासरी बेस) आता पहिलं नाही, १९३७च्या जॉश गिब्सनचं ०.९७४ वर आहे. हे आधीच व्हायला हवं होतं.

त्रास म्हणाल तर मोबाइलवर जाहिराती खूप, टेबल आडवं सरकवताना बोट भलतीकडेच लागतं. खोलात जाऊन शोधायचं असेल तर स्टॅटहेड ह्या त्यांच्याच शोध-सेवेला पैसे भरावे लागतात, रोज बघणाऱ्याने घ्यावं, बाकीच्यांना फुकटातलं भरपूर आहे. पाचपैकी साडेचार.

आणि होमरन लॉग नक्की उघडा, एकेक होमरन तारखेसकट, पिचरसकट दिलाय. ५ ऑक्टोबर २००१, समोर डॉजर्सचा चॅन हो पार्क, पहिल्या इनिंगमध्ये ७१वा, मार्क मॅग्वायरचा ७०चा रेकॉर्ड मोडला, तिसऱ्या इनिंगमध्ये ७२वा. तिथून त्या मॅचच्या स्कोअरकार्डवर जा. बाँड्सची टीम जायंट्स १०, डॉजर्स ११. त्याच रात्री जायंट्स प्लेऑफच्या (सीझननंतरची बाद फेरी) शर्यतीतून बाहेर पडले.