ठरलेली रक्कम की लवचिक करार: नाल्याच्या कामासाठी कंत्राटाची निवड

मुंबईत नाल्याची भिंत नव्याने बांधायची तर राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राट-नमुन्यांपैकी एकरकमी ‘सी’ नमुना व कामाच्या प्रत्येक बाबीचा वेगळा दर मागणारा ‘बी-२’ आणि लक्ष्य-खर्चाचा करार असे तीन पर्याय विचारात घेता येतात. लाचेला प्रत्येकात वेगळ्या जागी वाव मिळतो.

एकरकमी कंत्राटात रक्कम आधीच ठरलेली असल्याने लबाडी दर्जात शिरते, म्हणजे सळई कमी पडते, काँक्रीट पातळ होते आणि पैसा डोळेझाक करण्यासाठी दिला जातो. शिवाय दादरच्या एखाद्या गल्लीत खोदताना नकाशात नसलेली बिडाची जुनी जलवाहिनी लागली, की काम थांबते, ‘जादा बाबी’चा, म्हणजे करारात नसलेल्या कामाचा, प्रस्ताव निघतो आणि तिचा दर स्पर्धेविना, अधिकारी व कंत्राटदार यांच्या चर्चेत ठरतो. कमी बोली लावणारा अनेकदा याच क्षणावर डोळा ठेवून असतो, असे माझे ठाम मत आहे. जमिनीवरच्या, आराखडा पक्का असलेल्या इमारतीसाठी मात्र हाच नमुना चांगला.

बी-२ मध्ये प्रत्यक्ष मोजमापानुसार देयक निघते, त्यामुळे बदल सामावतो. पण निविदेत दाखवल्यापेक्षा खडक जास्त लागणार हे आतून कळलेला कंत्राटदार खडकातील खोदाईचा दर चढा आणि मातीचा नगण्य भरून कागदावर सर्वांत स्वस्त ठरू शकतो आणि पुढे खडकावर कमावतो. निविदेतील परिमाण २५ टक्क्यांहून अधिक वाढल्यास दर बदलण्याची तरतूद या नमुन्याच्या कलम ३८ मध्ये आहे, तिचा काही अंशी उपयोग होतो. (बी-१ मध्ये सर्व बाबींवर एकच टक्केवारी भरायची असल्याने ही खेळी साधत नाही.) खरा धोका मोजमाप पुस्तकात, म्हणजे झालेले काम मोजून नोंदवायच्या वहीत आहे: भराव टाकून झाल्यावर खोली किती होती, हे कोण सांगणार?

लक्ष्य-खर्चाच्या करारात बचत आणि वाढीव खर्च दोन्ही पक्ष ठरलेल्या प्रमाणात वाटून घेतात. हाँगकाँगने २००९ मध्ये साई कुंग येथील फुक मान रोडच्या नाल्यासाठी असा करार वापरला. त्यात कंत्राटदाराचे हिशेब खुले असावे लागतात. ते तपासणारे स्वतंत्र लेखापाल नसतील, तर खोट्या पावत्यांना आमंत्रणच मिळेल.

म्हणून आजच्या स्थितीत मी नाल्यासाठी बी-२ सुचवेन, मात्र निविदेपूर्वी चाचणी खड्डे घ्यावेत, जलवाहिनी व केबल हलवण्याचे दर बोलीतच मागवावेत आणि भराव टाकण्याआधी मोजपट्टीसह काढलेली छायाचित्रे त्याच दिवशी नागरिकांना पाहता यावीत.