कॉम्पॅक्टर आणि कोकणातला पावसाळा: लायब्ररी रिनोव्हेशननंतरचे दहा महिने

डिसेंबरात आमच्या मेडिकल कॉलेजची लायब्ररी नवी झाली तेव्हा मी या कॉम्पॅक्टरचं इतकं कौतुक केलं होतं की आता आठवून लाज वाटते. हँडल फिरवलं की रॅक सरकतात, निम्म्या जागेत तेवढीच पुस्तकं, उरलेल्या जागेत मुलांना 40 खुर्च्या. सगळं वजन एका जागी येतं म्हणून स्टॅक (पुस्तकांचे सगळे रॅक) वरून तळमजल्यावर आणला, ते बरोबरच केलं. टेबलं, लाइट ठीक.

मग आला जुलै. फर्स्ट इयरची एक मुलगी ॲनाटॉमीचा ॲटलस घेऊन आली, "मॅडम, पानं उघडत नाहीत." बघते तर आर्ट पेपरची पानं चिकटून पाटी झालेली, ओढलं की छपाईसकट निघतायत. पूर्ण क्यूएस, म्हणजे ॲनाटॉमीचा सेक्शन तसाच, पुढच्या डब्ल्यूजी सेक्शनमध्ये हृदयाच्या पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर बुरशी. जुने उघडे रॅक दिसायला भिकार होते पण हवा तरी खेळायची!

ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, "मॅडम, कोकणात पावसाळ्यात असं होतंच." होतंच ना, मग डिझाइन कुठल्या गावासाठी केलंस बाबा?

शेवटी स्वतःच्या खिशातून 400 रुपयांचं हायग्रोमीटर, म्हणजे हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र, आणलं (बिल अकाउंट्सकडे अजून पडून आहे). दिवसा एसीत 58 टक्के, सकाळी कुलूप उघडलं की 84. पासष्ट-सत्तरच्या वर गेलं की बुरशीला रान मोकळं. आणि इथे माझाच पोपट झाला, कारण संध्याकाळी एसी बंद करून मावशी खिडक्या उघडायच्या, कोंदट वाटतं म्हणून, आणि तसं सांगितलेलं मीच. थंडगार लोखंडाला बाहेरची दमट हवा लागली की रॅकला घामच फुटणार, वर रॅक घट्ट मिटलेले, वाळणार कधी?

आता खिडक्या बंद, रॅकमध्ये रात्री चार बोटं फट आणि हवेतली ओल खेचणारा एक डीह्युमिडिफायर. सकाळी बादलीभर पाणी निघतं, मावशी त्यानेच लादी पुसतात. एकाने ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला सांगितलं, तेवढी काटकसर नको. साहेब लाइटबिलावरून कुरकुरले तेव्हा चिकटलेला ॲटलस त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला, गप्प झाले.

कॉम्पॅक्टरला पाचपैकी तीन. ठेकेदाराचा शेवटचा चेक अडवलाय, बाजूचे बंद पत्रे काढून जाळीचे लाव, मग घेऊन जा म्हटलंय.