‘लमाण’ : डॉ. श्रीराम लागूंचं आत्मचरित्र कुणी घ्यावं, कसं वाचावं

मराठी नटांच्या आत्मचरित्रांत दौऱ्यांतल्या गमतीजमती, मानापमान आणि कोण कुणाला काय म्हणालं याचा भरणा बराच असतो. तेवढ्यासाठी ‘लमाण’ (पॉप्युलर प्रकाशन, २००४) घेऊ नये. डॉ. श्रीराम लागूंनी इथे आपल्या कामाचा हिशेब मांडला आहे. त्यांना पडद्यावरूनच ओळखणाऱ्या वाचकाला हे पुस्तक थोडं कोरडं वाटेल. नाटक करणाऱ्याने, शिकवणाऱ्याने किंवा मन लावून पाहणाऱ्याने मात्र ते विकतच घ्यावं, कारण एका वाचनात ते संपत नाही.

आधी सनावळी डोक्यात बसवून घेतली की वाचन सोपं जातं. जन्म १९२७, सातारा. शिक्षण पुण्यात, बी. जे. मेडिकलमध्ये. नाटकाची गोडी तिथेच लागली. १९५०च्या दशकात कान-नाक-घशाचे सर्जन म्हणून पुण्यात प्रॅक्टिस आणि त्याच काळात भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए. वसंत कानेटकरांचं ‘वेड्याचं घर उन्हात’ याच संस्थेचं. मग कॅनडा-इंग्लंडमध्ये पुढचं शिक्षण, टांझानियातल्या टाबोरा इथे नोकरी आणि १९६९ मध्ये ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून पूर्ण वेळ रंगभूमी. म्हणजे पेशा बदलला तेव्हा वय एक्केचाळीस-बेचाळीस होतं आणि मागे जवळजवळ दोन दशकांची हौशी रंगभूमीची तालीम होती. हे विसरून वाचलं तर पुढचं यश अचानक आल्यासारखं वाटतं. तसं ते नव्हतं.

पुस्तकाची खरी किंमत वसूल होते ती ‘नटसम्राट’जवळ. वि. वा. शिरवाडकरांचं हे नाटक दि गोवा हिंदू असोसिएशनने पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या दिग्दर्शनात उभं केलं. पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० ला मुंबईत बिर्ला मातुश्री सभागृहात झाला. नायकाच्या बायकोच्या, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग होत्या. लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते आणि उभा करायचा होता निवृत्त, थकलेला म्हातारा. हा भाग वाचताना छापील संहिता शेजारी हवीच, नाहीतर निम्मं हातातून निसटतं.

संहिता उघडली की अडचण कुठे आहे ते दिसतं. नाटकाचा नायक अप्पासाहेब बेलवलकर हा म्हातारा तर आहेच, पण म्हातारा झालेला नट आहे. घरात सुना-जावयांसमोर वावरणारं शरीर वेगळं आणि जुन्या भूमिकेतलं भाषण ओठांवर आलं की ताठ होणारं शरीर वेगळं. ही भूमिका करणारे अनेकजण पहिल्या प्रवेशापासून कंबर वाकवतात आणि शेवटपर्यंत तशीच ठेवतात. मग तो नुसता दुबळा म्हातारा उरतो, सम्राट दिसतच नाही. आवाजाचंही तेच. सुरुवातीचं सत्काराचं भाषण वरच्या पट्टीत लावलं तर घर सोडल्यानंतरच्या स्वगतांसाठी गळ्यात काही शिल्लक राहत नाही. श्वास छातीच्या वरच्या भागातून घेतला की मान आणि गळ्याचे स्नायू आवळतात, स्वरतंतूंवर ताण येतो आणि लागोपाठच्या प्रयोगांत आवाज घोगरा होतो. बरगड्या रुंदावून खालून श्वास घ्यायचा, वाक्य कुठे तोडायचं ते अर्थावरून आधीच ठरवायचं आणि वरची पट्टी एका-दोन जागांसाठीच राखून ठेवायची, हाच उपाय. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर गुळण्या करत न बसता घसा तपासून घ्यावा. घशाचं शास्त्र जाणणारा नट या भूमिकेला मिळाला, हा मराठी रंगभूमीचा मोठा लाभ. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही बेलवलकर केले आणि प्रत्येकाने निराळे केले. तुलना करायला ‘लमाण’ भक्कम आधार देतं.

तितकाच मोलाचा काळ ‘गिधाडे’चा. विजय तेंडुलकरांचं हे नाटक लागूंनी १९७० मध्ये दिग्दर्शित केलं. पातळावरच्या रक्ताच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा असं प्रयोगाआधी सांगण्यात आलं. एकाच वर्षात ‘गिधाडे’ आणि ‘नटसम्राट’! या माणसाचा आवाका कळायला एवढं पुरे.

कमी पडतं ते सिनेमाच्या बाजूला. हिंदीतल्या ढीगभर कामांबद्दल फार काही मिळेल या आशेने पानं चाळू नयेत. ती भूक पुस्तकाबाहेर भागवावी लागते आणि त्यासाठी क्रम असा ठेवावा : आधी ‘पिंजरा’ (१९७२), मग ‘सामना’, मग ‘सिंहासन’ (१९७९). ‘पिंजरा’तला मास्तर स्वतःच्याच खुनाच्या आरोपात सापडतो. तिथे लागूंचा अभिनय अजून रंगमंचाच्या मापाचा आहे आणि व्ही. शांतारामांच्या ठसठशीत शैलीत तो खपून जातो. ‘सामना’तला दारुडा मास्तर निळू फुल्यांच्या हिंदूराव धोंडे-पाटलासमोर बसतो तेव्हा तेच माप किती खाली आणलंय ते पाहावं. डोळे आणि थांबे यांवरच बरंच काम होतं. ‘सिंहासन’मधल्या अर्थमंत्री विश्वासराव दाभाडेत आवाज जवळजवळ फायलीवर सही करावी इतका सपाट ठेवलाय. हिंदीतलं एकच पाहायचं तर ‘घरौंदा’ (१९७७) पाहावं. त्यासाठी सहायक अभिनेत्याचं फिल्मफेअर मिळालं. ‘गांधी’ सिनेमात त्यांनी केलेले गोपाळ कृष्ण गोखले थोडा वेळच दिसतात, पण चुकवू नयेत.

नव्या वाचकाला जुन्या पुण्या-मुंबईच्या नाट्यसंस्थांची नावं अडतील. त्यासाठी थांबू नये, दुसऱ्या वाचनात ती जागेवर बसतात. अभिनयाच्या शिबिरात वापरायचं असेल तर सलग वाचन न लावता एक नाटक निवडावं. आधी संहितेचा प्रवेश मोठ्याने वाचून घ्यावा, मग लागूंनी त्या नाटकाविषयी लिहिलेलं वाचावं आणि पुन्हा प्रवेशाकडे यावं. उलट क्रमाने केलं की मुलं लागूंचीच नक्कल करू लागतात.

विवेकवादी, वाद घालणारे लागू हवे असतील तर त्यांचे लेख, भाषणं आणि मुलाखती ‘रूपवेध’ या वेगळ्या पुस्तकात आहेत. दोन्हींतलं एकच परवडत असेल तर नाटकवाल्याने ‘लमाण’ घ्यावं.